इस्लापूर मंडळ आणि आपल्या घरातील दोन भाषा

स्मरणिकेसाठी समाजाच्या इतिहासावर काही लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली तेव्हा आम्ही प्रथम सनदा, वतनपत्रे, वंशावळी यांचा विचार केला. परंतु आपला पद्मशाली समाज विणकरांचा. ज्यांना सनदा मिळाल्या त्यांची वस्त्रे आपण विणली. सनद मात्र आपल्या घरी क्वचितच आली. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याजवळ जे टिकून राहिले ते घरात बोलली जाणारी भाषा आणि त्या भाषेत सांगितली जाणारी कथा, एवढेच. या दोन गोष्टींनी आपल्या विचारास कसे वळण दिले, आपण कोणाला जवळचे मानतो आणि कोणाला परके, हे त्यांनी कसे ठरविले, याचा शोध इस्लापूर परिसराच्या निमित्ताने घ्यावा असे आम्ही योजिले आहे.

इस्लापूर आज नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात मोडते. उत्तरेस पैनगंगा, तिच्यावर सहस्रकुंडाचा धबधबा, आणि पलीकडे यवतमाळ जिल्हा. १९४७ पर्यंत ही नदी दोन राजवटींची शीव होती. उत्तर तीर इंग्रजी अंमलाखालील वऱ्हाडाचे, दक्षिण तीर निजामाचे. पाणी एक, दोन्ही काठांवर बोली मराठी, पण कचेऱ्या निराळ्या. दक्षिणेकडील गोष्ट उलट आहे. तिकडे मधे नदी नाही, डोंगर आणि जंगल आहे. आणि त्या बाजूस चालत गेले की हळूहळू तेलुगू कानी पडू लागते. ती नेमकी कोठे सुरू होते, हे बोट ठेवून कोणालाही दाखविता आलेले नाही.

सरकारला मात्र बोट ठेवावेच लागते. डिसेंबर १९५३ मध्ये फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली राज्यपुनर्रचना आयोग नेमला गेला, १९५५ मध्ये त्याचा अहवाल आला, आणि १९५६ चा राज्यपुनर्रचना अधिनियम झाला. या अधिनियमाच्या आठव्या कलमात नव्या मुंबई राज्यात कोणकोणता मुलूख यावा याची यादी आहे. हैदराबाद राज्याच्या अदिलाबाद जिल्ह्यातून किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ, असे तीन तुकडे तेथे नमूद आहेत. म्हणजे किनवट आणि राजुरा हे तालुके अखंड आले. बोथ तालुका मात्र पलीकडे राहिला आणि त्यातून आपले एक मंडळ तेवढे उचलून इकडे ठेवले गेले. त्याच कायद्याने नांदेड जिल्ह्याचे मुधोळ, भैंसा, कुबेर, तसेच देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आंध्राकडे गेली. ३१ ऑक्टोबर १९५६ च्या रात्री हैदराबाद राज्यात निजलेला इस्लापूरकर दुसऱ्या दिवशी मुंबई राज्यात जागा झाला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. घर तेच, विहीर तीच. बदलले ते एवढेच, की ‘येथील लोक कोणती भाषा बोलतात’ या प्रश्नाच्या उत्तरास राज्याची शीव ठरविण्याचा अधिकार मिळाला.

मराठी मुलूख मराठी राज्यात आला याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु आपल्या घरांपुरते पाहिले तर त्या प्रश्नाचे उत्तर तितके सरळ नव्हते. आपल्या आजोबा-पणजोबांचा एक दिवस डोळ्यांपुढे आणावा. पहाटे मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसताना तोंडात तेलुगू. बाजारात पाटलाशी, सावकाराशी, गिऱ्हाइकाशी मराठी. कचेरीत काम निघाले तर उर्दू. कारण १८८० च्या दशकात निजामाच्या दप्तरातून फारसी जाऊन उर्दू आली, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर वैद्यक व शास्त्रेही उर्दूतूनच शिकविली जाऊ लागली. डोंगराकडील आठवडी बाजारात गेले तर गोंडीचे चार शब्द. आणि ज्या भाषेत तो बोले त्या भाषेत तो निराळा माणूस असे. तेलुगूत तो घरचा कर्ता, मराठीत विक्रेता, उर्दूत अर्जदार. कचेरीतून परत आलेला माणूस घरी दोन घटका बोलत नसे, असे जुन्या बायका सांगत. त्याचे कारण थकवा असेलच. पण दिवसभर अर्जदाराच्या भाषेत वावरल्यावर कर्त्याच्या भाषेत परतायला काही वेळ लागतो, असे आम्हांस वाटते.

आपली आडनावे हीच या दोन भाषांच्या सांध्याची खूण होय. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या पट्ट्यात ‘वार’ ने संपणारी आडनावे पुष्कळ. ती केवळ आपल्यात नाहीत, कोमटी आणि इतर तेलुगू मूळ असलेल्या समाजांतही आहेत. हा ‘वार’ म्हणजे तेलुगूतील ‘वारु’, अमक्यांची माणसे असा आदरार्थी अनेकवचनी शब्द. मामिडि म्हणजे आंबा, त्यावरून मामिडवार. चिंत म्हणजे चिंच, त्यावरून चिंतावार. मराठी ‘कर’ माणूस कोठला ते सांगतो. आपला ‘वार’ माणूस कोणांपैकी ते सांगतो. सोलापुरास गेलेल्या आपल्या बांधवांनी हा ‘वार’ लावला नाही, त्यांची आडनावे तेलुगू वळणाचीच राहिली. त्यामुळे एकाच कुळातील दोन शाखा आज नावावरून एकमेकींस ओळखत नाहीत. शिवाय तेलुगूत आडनावाला ‘इंटिपेरु’ म्हणतात, म्हणजे घराचे नाव, आणि ते माणसाच्या नावाआधी येते. आधी घर, मग माणूस. मराठी पद्धतीत आधी माणूस, मग त्याचा बाप, शेवटी आडनाव. शाळेत नाव घालताना मास्तरांनी हा क्रम फिरविला आणि आपण तो मुकाट्याने मान्य केला. त्यात हानी झाली असे नाही; पण माणूस स्वतःची ओळख सांगताना प्रथम काय उच्चारतो, ही लहान गोष्ट नव्हे.

आता नात्यांच्या शब्दांकडे वळू. कारण भाषा विचारास कशी वळण लावते याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा नाही, आणि तो शोधायला ग्रंथालयात जावे लागत नाही.

मराठीत चार प्रकारचे भाऊ आहेत : चुलतभाऊ, मावसभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ. चौघांच्याही नावात ‘भाऊ’ आहे. तेलुगूत या चौघांचे दोन सरळ भाग पडतात. बापाच्या भावाला तेलुगूत पेद्दनान्न किंवा चिन्नान्न म्हणतात, म्हणजे थोरला बाप, धाकटा बाप. आईच्या बहिणीला पेद्दम्म किंवा चिन्नम्म, म्हणजे थोरली आई, धाकटी आई. तेव्हा त्यांची मुले ही सख्ख्या भावंडांसारखीच : अन्न, तम्मुडु, अक्क, चेल्लेलु. परंतु मामाचा किंवा आत्याचा मुलगा हा भाऊ नव्हेच. तो वयाने मोठा असेल तर ‘बाव’. थोरल्या बहिणीच्या नवऱ्यालाही हाच शब्द. मामाची किंवा आत्याची धाकटी मुलगी ‘मरदलु’, आणि बायकोची धाकटी बहीणही मरदलुच. सासऱ्याला ‘माम’, सासूला ‘अत्त’. म्हणजे आईचा भाऊ आणि बापाची बहीण यांचेच शब्द. ज्या मुलाने लहानपणापासून ही भाषा ऐकली, त्याला लग्न कोठे जुळू शकते आणि कोठे कदापि जुळू शकत नाही हे कोणी बसवून शिकवावे लागत नाही. हाक मारतानाच ते त्याला कळलेले असते.

मराठीही या बाबतीत अगदी कोरी नाही. जुन्या घरांतील सुना सासऱ्यांना मामंजी आणि सासूबाईंना आत्याबाई म्हणत, हे वाचकांच्या स्मरणात असेल. आपल्याच मामाला किंवा आत्याला सासर म्हणून जावे ही रीत त्या हाकेत शिल्लक आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय नातेव्यवस्थेवरील ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला प्रदेश म्हणून दाखविला आहे. येथे मामाची मुलगी करण्याची चाल अनेक जातींत आहे, आत्याची मुलगी करण्याची तितकीशी नाही; तर तेलुगू मुलखात दोन्ही चालतात, आणि बहिणीची मुलगी करण्याचीही रूढी आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याच घरी एक प्रसंग घडला. घरातील एका मुलीसाठी तिच्या मामाच्या मुलाचे नाव पुढे आले. आजीच्या दृष्टीने यात विचारण्यासारखे काही नव्हते. तो तिचा बावच होता. मुलगी मराठी शाळेत शिकलेली, तेलुगू कळे पण बोलत नसे. ती म्हणाली, “ज्याला मी जन्मापासून दादा म्हणत आले, त्याच्याशी लग्न कसे करू?” आजीला हे समजेना. तिने दोनदा विचारले, “दादा? तो तुझा दादा कधी झाला?” दोघी एकाच मुलाविषयी बोलत होत्या, एकाच स्वयंपाकघरात बसून. खोटे कोणीच बोलत नव्हते. परंतु आजीच्या भाषेत तो मुलगा ज्या ठिकाणी उभा होता, त्या ठिकाणी नातीच्या भाषेत तो नव्हता. लग्न झाले नाही. जवळच्या रक्तात लग्न करू नये असे डॉक्टरही सांगतात, त्यामुळे जे झाले ते ठीकच झाले असे आमचे मत आहे. पण हेही नमूद केले पाहिजे की डॉक्टरांचे नाव कोणी काढण्यापूर्वीच ‘दादा’ या एका शब्दाने प्रश्नाचा निकाल लावला होता.

कायद्यासही या शब्दभेदाची दखल घ्यावी लागली. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाने भाऊ-बहिणीच्या मुलांचा आपसांतील विवाह निषिद्ध नात्यांत घातला, तसाच मामा-भाचीचाही. मात्र दोन्ही पक्षांच्या रूढीस तो मान्य असेल तर चालेल, असे त्यातच म्हटले. हा अपवाद नसता तर आपल्या कित्येक आई-वडिलांची लग्ने बेकायदा ठरली असती.

भाषेविना ज्ञानच होत नाही, जाणीव ही शब्दाने ओवलेली असते, असा विचार आपल्याकडे भर्तृहरीने ‘वाक्यपदीय’ ग्रंथात सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी मांडला. अमेरिकेत गेल्या शतकात बेंजामिन ली व्हॉर्फ (१८९७–१९४१) या गृहस्थाने तोच विषय निराळ्या वाटेने हाती घेतला. हा पेशाने आगीच्या विमा कंपनीचा तपासनीस. आगी कशा लागतात हे तपासताना त्याला दिसले की पेट्रोलने भरलेल्या पिपांजवळ माणसे जपून वागतात आणि ‘रिकाम्या’ पिपांजवळ विडी ओढतात. वास्तविक रिकाम्या पिपात वाफ कोंडलेली असते आणि ती अधिक घातक. माणूस पिपाला पाहून वागला नाही, ‘रिकामे’ या शब्दाला पाहून वागला. व्हॉर्फच्या मतातील टोकाचा भाग पुढील पंडितांनी मान्य केला नाही, आणि आम्हांसही तो पटत नाही. शब्द माणसाला जखडून ठेवतो असे असते, तर आमच्या घरातील ती आजी पुढे नातीच्या लग्नात दुसऱ्या जावयाचे पाय धुवायला बसली नसती. पण लक्ष कोठे जावे आणि कोठे जाऊ नये, हे मात्र शब्द ठरवितो.

या ‘रिकाम्या’ शब्दाने आपल्याच जुन्या जिल्ह्यात मोठा अनर्थ केला. अदिलाबादच्या डोंगरांत गोंड आणि कोलाम जी जमीन आलटून पालटून कसत, ती काही वर्षे पडीत ठेवावी लागे. दप्तराने तिला पडीक म्हटले, मग राखीव जंगल म्हटले, आणि कसणारा आपल्याच रानात अतिक्रमण करणारा ठरला. १९४० मध्ये जोडेघाट येथे कुमराम भीम यांचा उठाव झाला व त्यात ते मारले गेले, त्याच्या मुळाशी हेच होते. पुढे निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना तेथे पाठविले. त्यांच्या पुढाकाराने १९४३ च्या सुमारास मार्लवाई येथे गोंड मुलांसाठी शाळा निघाली व तिच्यासाठी गोंडी भाषेतील क्रमिक पुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. आणखी एक नवल याच भागातले : गोंडांचे परंपरागत कथेकरी जे प्रधान, त्यांची घरची बोली मराठी, पण गोंडांच्या देवादिकांची पवित्र कथा ते गोंडीत गातात. दुसऱ्याची कथा आपल्या जिभेवर जपून ठेवणारा एक समाज आपल्या शेजारी आहे, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? १९५६ च्या वाटणीत मराठीला राज्य मिळाले, तेलुगूला मिळाले. गोंडी आणि कोलामीला विचारणारे कोणी नव्हते.

आता आपल्या स्वतःच्या कथेविषयी. मार्कंडेय ऋषींच्या यज्ञातून भावनाऋषी प्रकट झाले (कोठे त्यांना मार्कंडेयांचे पुत्रही म्हणतात), त्यांनी विष्णूच्या नाभिकमळाच्या तंतूंपासून देवांसाठी वस्त्र विणले, देवांनी त्यांना वाघ वाहन म्हणून दिला आणि सूर्यकन्या भद्रावतीशी त्यांचा विवाह झाला. ही कथा आपल्याकडील प्रत्येक लेकराला ठाऊक आहे. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या थर्स्टन यांच्या दक्षिण भारतातील जातीजमातींवरील ग्रंथातही ती नोंदलेली आढळते. या कथेने आपल्याला काय दिले ते सांगायलाच हवे. गावच्या उतरंडीत विणकराची पायरी काही वरची नव्हती. पण खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस मनात म्हणे, की माझ्या पूर्वजाने देवाला नेसविले आहे. त्या बळावर त्याने मान ताठ ठेवली आणि सूतही स्वच्छ ठेवले. पुढे ‘साळे’ या नुसत्या नावाऐवजी ‘पद्मशाली’ हे पूर्ण नाव आपण आग्रहाने लावू लागलो, तेही याच कथेच्या आधारावर.

पण कथा जे सांगते त्याबरोबर काही झाकतेही. आपल्या कथेत वस्त्राला भाव नाही. देवांनी किंमत दिली नाही. वाघ दिला, कन्या दिली. सूत कोणाकडून उधार आणले, लुगडे कोणत्या दराने गेले, गिरणीचे कापड बाजारात आल्यावर काय करावे, याचा त्यात उल्लेख असण्याचे कारणच नव्हते. गिरण्या आल्या तेव्हा आपण कितीतरी काळ यास कलियुगाचा महिमा म्हणत राहिलो आणि हिशेब उशिरा मांडला. सोलापूर, भिवंडीकडे गेलेल्यांनी तो आधी मांडला, असे म्हणावे लागते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. मराठी मुलखातील साळी समाजही विणकरच. त्यांचे मूळपुरुष भगवान जिव्हेश्वर, जे शंकराच्या जिव्हेतून प्रकटले अशी त्यांची श्रद्धा आहे. आपले मूळ कमळाच्या तंतूशी जोडलेले, त्यांचे देवाच्या जिभेशी. आपण मग्गम म्हणतो, ते माग म्हणतात. आपण पडुगु-पेक म्हणतो, ते ताणा-बाणा म्हणतात. सुताला दोन्हींत काही फरक पडत नाही. एका तऱ्हेच्या खड्ड्यात बसून, एका तऱ्हेचा धोटा फेकून, एकाच सावकाराचे देणे फेडीत हे दोन समाज शेजारी राहिले आणि सहसा सोयरे झाले नाहीत. सहकारी सूत संस्था काढायच्या वेळी तरी एकत्र बसता आले असते. मधे कोणी भिंत घातली नव्हती. निराळी भाषा होती आणि निराळी कथा होती, तेवढे पुरले.

दिवसांच्या नावांचेही असेच. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि निजामाने शरणागती पत्करली. त्याला त्या वेळी ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हटले गेले, आणि म्हातारी माणसे अजूनही आपले वय ‘अ‍ॅक्शनच्या आधीचे की नंतरचे’ असे सांगतात. महाराष्ट्रात १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन होय. तेथून काही कोसांवर, बोथच्या बाजूस, २०२२ साली त्याच तारखेला राज्य सरकारने राष्ट्रीय एकता दिन पाळला आणि केंद्र सरकारने हैदराबाद मुक्ती दिन. २०२४ मध्ये तेथील नव्या सरकारने त्यास प्रजापालन दिन हे नाव दिले. इस्लापूरची आणि बोथची मावसभावंडे एकाच आजोबांची हकीकत ऐकत वाढली, पण झेंडावंदनास उभी राहतात ती निरनिराळ्या कथांपुढे. आमच्या मते त्या काळात ज्यांनी तुरुंग सोसला, ज्यांची घरे रझाकारांनी जाळली, त्यांच्यासाठी ‘मुक्ती’ हाच शब्द खरा. परंतु त्या पाच दिवसांनंतर ज्यांच्या घरांवर सूड उगविला गेला, त्यांना या शब्दात आपली जागा सापडत नाही, हेही विसरून चालणार नाही.

वाणीची देवता मात्र दोन्हीकडच्यांना एकच राहिली. गोदावरीकाठचे बासर १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात होते. मुधोळबरोबर तेही पलीकडे गेले. व्यासांनी नदीच्या वाळूची सरस्वती केली म्हणून ते व्यासर, आणि मराठी माणसांच्या तोंडी त्याचे बासर झाले, अशी तेथे कथा सांगतात. आपली मुले अजूनही अक्षराभ्यासाला तेथेच नेली जातात. तांदळाच्या ताटात बोट धरून पहिले अक्षर गिरविले जाते. एका ताटात तेलुगू ‘अ’, शेजारच्या ताटात मराठी ‘श्री’, आणि भटजी दोन्ही घरांना त्यांच्या त्यांच्या भाषेत सूचना देतात.

वाचकांच्या ध्यानात आले असेल की या लेखात आम्ही स्वतःविषयी ‘आम्ही’ म्हणतो आणि समाजाविषयी ‘आपण’. मराठीत हा भेद आहे : ‘आम्ही’ त ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ त तो आत येतो. तेलुगूतही तसाच आहे, ‘मेमु’ आणि ‘मनमु’. इंग्रजीत तो नाही. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे गंपर्झ व विल्सन या अभ्यासकांना आढळले की मराठी, कानडी, उर्दू बोलणारे शेजारी राहून राहून त्यांच्या भाषांची रचना एकमेकींसारखी झाली, आणि हा ‘आम्ही-आपण’ भेद तेथील उर्दूनेही उचलला. शब्द मात्र ज्याने त्याने आपापल्या घरचे राखले. त्यांचा निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. वाक्य शेजाऱ्यासारखे, शब्द घरचा. इस्लापूरच्या आपल्या घरांचे वर्णन याहून निराळे काय करावे?

हे सर्व आज लिहिण्याचे कारण असे की नवी जनगणना तोंडावर आहे. २०२७ च्या जनगणनेत भाषेबरोबर जातही विचारली जाणार आहे. जातीच्या रकान्यात काय लिहावे याच्या सूचना समाजाच्या सभांतून आपणांस वारंवार मिळतीलच. मातृभाषेच्या रकान्याविषयी मात्र कोणी बोलत नाही. २०११ च्या जनगणनेतील व्याख्येप्रमाणे मातृभाषा म्हणजे लहानपणी आई मुलाशी जी भाषा बोलली ती. गावात कोणती चालते ती नव्हे, शाळेत कोणती शिकविली ती नव्हे, राज्य कोणते तेही नव्हे. आमच्या पाहण्यात असे आले आहे की, ज्यांची आई आयुष्यभर तेलुगू बोलली अशी माणसेही प्रगणकासमोर संकोचाने ‘मराठी’ म्हणतात. कोणास वाटते की तेलुगू म्हटले तर आपण परप्रांतीय ठरू. हा संकोच १९५६ चा आहे. शीव तेव्हाच ठरली, ती आता आपल्या उत्तराने हलणार नाही. ज्यांच्या आईने मराठीत अंगाई म्हटली त्यांनी निःशंक मराठी लिहावे. अशी घरे आता पुष्कळ आहेत. ज्यांच्या आईची बोली तेलुगू होती त्यांनी तसे लिहावे, आणि इतर येणाऱ्या भाषांच्या रकान्यात मराठी लिहावी.

पुढील वर्षाच्या स्मरणिकेत इस्लापूर, किनवट, हिमायतनगर, भोकर भागातील आपल्या घरांत चालणाऱ्या तेलुगू शब्दांची यादी छापावी असा आमचा मानस आहे. नात्यांचे, मागाचे, स्वयंपाकाचे, लग्नविधीचे, कोणतेही शब्द चालतील. शब्द देवनागरीत लिहावा. तो कोणाच्या तोंडून ऐकला, ते माणूस कोणत्या गावचे आणि कोणत्या प्रसंगी तो शब्द वापरला जातो, एवढे सोबत कळवावे. मागाचे शब्द प्रथम घ्यावेत. ज्यांनी स्वतः मागावर काम केले आहे अशी माणसे आता फार थोडी उरली आहेत आणि बहुतेकांना ऐकू कमी येते, तेव्हा प्रश्न मोठ्याने व शक्यतो तेलुगूतच विचारावा.